जमीन मोजणाऱ्यांचं कूळ

दिवसभर कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकलं घेऊन घरी आले, तर भिंतीवर एक करडा पतंग पंख पसरून चिकटलेला. आईनं झाडू उचलला.

"राहू दे गं. जमीन मोजणाऱ्यांच्या कुळातला आहे तो."

"हा कुठं मोजायला गेलेला?"

"हा नाही, ह्याची अळी. पाठीची कमान करत, जणू वीतवीत जमीन मोजत पुढं सरकते, म्हणून शास्त्रात अख्ख्या कुळाला तेच नाव."

"मग तुझ्यासारखंच की! एवढी शिकलीस, तरी गाव साखळीवाल्याची पोरच म्हणतं."

बाबा जन्मभर मोजणीची साखळी शेताशेतांतून ओढत राहिले. घरातली पहिली पदवी माझी. ती गावाला दिसत नाही, याचा राग येई. आज रागावण्याइतकंही त्राण नव्हतं. पतंगाला नाव देणाऱ्याला पंखांवरची नक्षी दिसली नसेल थोडीच? तरी त्यानं अळीची चाल निवडली.

"म्हणू दे," मी म्हटलं. "साखळी ओढलीच आहे बाबांनी."