प्लेटवाली मावशी

शेजारच्या मावशीचं गाणं मध्येच थांबायचं. मिरचीचा वाफा निंदताना गाता गाता ती म्हैस हाकलायची, कुणाला दोन शब्द सुनवायची आणि जिथे सोडला त्याच सुरावर गाणं पुन्हा उचलायची. मी लग्न होऊन धाड गावाला आले, तेव्हा कुंपणापलीकडून पहिल्यांदा हेच ऐकू आलं.

मी अमरावतीला माहेरी दोन वर्षं गाणं शिकलेली, त्यामुळे नाक जरा वरच. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या दिवसांत फोनोच्या प्लेटवर, म्हणजे तबकडीवर, गाणी यायची ती हिंदुस्थानी, नाहीतर पुण्या-मुंबईच्या मराठीतली. मीही तशीच जीभ वळवायची. मावशी म्हणाली, "काऊन वं, भाकर मागतेस त्या तोंडानं गाता येत नाई का?" मला राग आला. बाई बरोबर बोलत होती, म्हणूनच आला.

मलकापूरच्या एका शेटजींनी तिचं गाणं ऐकून मुंबईच्या प्लेट कंपनीला कळवलं आणि तिला बोलावणं आलं. आमच्या बोलीतलं गाणं तोवर कुणी प्लेटवर गायलेलं आम्ही तरी ऐकलं नव्हतं. तिचे यजमान संपतराव मात्र अडून बसले. "गेलीस तर मी तुह्याशी बोलनार नाई." ती भावासोबत गेली. माणूस शब्दाचा पक्का. ती परतल्यावर चार महिने ते फक्त बैलाशी बोलत. "तिले सांग बे, भाकर वाढ." मावशी हसून वाढायची. पण तिचं गाणं बंद पडलं, आणि वाफ्यातून आवाज येईना म्हणून मला करमेना.

मग प्लेट आली. बाजाराच्या दिवशी कापडवाल्यानं दुकानात फोनो लावला. समोरच नवरा-बायको मिरच्यांच्या ढिगाशी एकमेकांकडे पाठ करून बसलेले. गाणं संपलं की गाणारीनं प्लेटवर आपलं नाव सांगायचं, अशी तेव्हा रीत होती. मावशीला ती कुणी समजावली नव्हती. मुंबईत गाणं संपल्यावर कंपनीच्या साहेबानं नुसती हातानं खूण केली होती, आणि आमच्या बायका हळदीकुंकवात गाणं संपल्यावर उखाणा घेतात, तसा तिनं घेतला होता. तोच आता फोनोतून बाजारभर ऐकू आला:

"वाफ्यात मिरची, बांधावर तूर,
संपतरावांचं नाव घेते, गाव राह्यलं दूर."

सगळा बाजार संपतरावांकडे बघायला लागला. ते उठून तिच्यासमोर आले.

"इतक्या दूर जाऊन माहंच नाव घेतलं?"

"मंग कोनाचं घेऊ?"

दुसऱ्या दिवशी वाफ्यातून गाणं ऐकू आलं.

पुढच्या बोलावण्याला मावशीनं मलाही सोबत न्यायचं ठरवलं. माझ्या सासऱ्यांनी साफ नकार दिला. माझं गाणं तिथेच संपलं असतं. आज मावशी आणि संपतराव दोघंही नाहीत. मी जन्मभर आमच्या बोलीत गायले ते मावशीमुळे, तिचे उपकार मी कधी विसरले नाही. पण उंबरा ओलांडता आला तो संपतरावांमुळे. त्या दिवशी ते आपणहून आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि सासऱ्यांना म्हणाले, "जाऊ द्या सुनेले. बाई दूर गेली म्हंजे तिले घरच आठवते. म्या माह्या कानानं आयकलं."