अर्जातून खोडलेला शब्द

सांगली जिल्ह्यात अस्सल कामगार आता एकच उरला आहे आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा, असं खुद्द मामांचंच ठाम मत आहे. सूतगिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली, मामा आता दोन म्हशी सांभाळतात. पण तब्येत विचारली तरी ‘आमचा कामगारवर्ग’ अशीच सुरुवात करतात. म्हशींनाही रविवारची सुट्टी असते, त्या दिवशी वैरण जागेवर. माझ्या लग्नात त्यांनी वऱ्हाड थांबवून आधी वाढप्यांच्या पंगती बसवल्या. “आवं, नवरदेव उपाशी हाय,” असं माझे वडील काकुळतीनं म्हणाले. “नवरदेवानं सकाळधरनं काय काम केलंय?” मामांनी विचारलं.

गिरणीतल्या जुन्या सोबत्यांवर मात्र त्यांचा खरा राग. एकेकाळी सगळे एकाच झेंड्याखाली चालायचे. आता एक जातीच्या मेळाव्यात, एक देवळाच्या कमिटीत, एक दर निवडणुकीला नव्या पक्षात. त्यातल्या एकाला मामांनी भर बाजारात अडवलं. “तू कामगार कवापासनं न्हाईस रं?” तो बिचारा म्हणाला, “गिरणी गेली तवापासनं. गिरणीच न्हाई तर कामगार कसला, गड्या?” मामा त्या दिवशी जेवले नाहीत. गेल्या निवडणुकीत एका पक्षाची माणसं त्यांना कामगार आघाडीचं तालुकाध्यक्षपद द्यायला आली. “आघाडीत माणसं किती हायत?” मामांनी विचारलं. “सध्या तुमीच.” मामा गंभीरपणे म्हणाले, “मग सगळ्यांशी बोलून कळवतो.”

त्यांची सून द्राक्षांच्या पॅकिंग शेडवर जाते. तिथं साठ बायका ठेक्यावर राबतात आणि त्यांच्यासाठी एकही संडास नव्हता. मागच्या मक्यात जावं लागे. दोन पक्षांच्या कचेऱ्यांत त्या जाऊन आल्या, दोन्हीकडे ‘निवडणूक होऊ द्या’ असं उत्तर मिळालं. शेवटी एका दुपारी सून दहाबारा जणींना घेऊन घरी आली. अर्ज लिहून हवा होता. मामांनी धुतलेला सदरा घातला, चष्मा पुसला आणि झोकात लिहिलं, ‘आम्ही समस्त कामगार भगिनी.’

“मामा, तेवढं कामगार खोडा,” त्यातली थोराड बाई म्हणाली. गाव त्यांना मामाच म्हणतं.

“का? हात राबत्यात न्हवं?”

“राबत्यात की. पर त्यो शब्द दिसला की ठेकेदार म्हणंल, ह्येंच्या मागं कुठला तरी पक्ष हाय. उद्यापासनं घरी बसवंल आमास्नी.”

मामांचा हात थांबला. या एका शब्दासाठी ते साऱ्या तालुक्याशी भांडले होते. सून हळूच म्हणाली, “मामंजी, आमाला संडास पायजे.” मग मामांनी तो शब्द खोडला आणि लिहिलं, ‘आम्ही खाली सह्या करणाऱ्या बायका.’

दुसऱ्या दिवशी साठही जणी अर्ज घेऊन शेडच्या दारात उभ्या राहिल्या. ऐन हंगाम, माल भरलेला, आणि एकही हात हलेना. मामांना यायची बंदी बायकांनीच घातली होती. ते लांबच्या लिंबाखाली म्हशी चारत असल्याचं नाटक करत उभे होते, तेही सदऱ्याची इस्त्री न मोडता. दुपारपर्यंत ठेकेदार कबूल झाला. पंधरा दिवसांत दोन संडास उभे राहिले, आतून कडी असलेले. लगेच दोन पक्षांनी ‘आमच्या प्रयत्नांना यश’ असे फलक लावले. बायका त्यांवर ओले रुमाल वाळत घालतात.

परवा मी गेलो तेव्हा संध्याकाळी मामांच्या अंगणात पंचवीसतीस बायका जमल्या होत्या. आता दर सोमवारी जमतात म्हणे. बोलणं हजेरीच्या वेळांचं, आजारपणाच्या रजेचं. मामांनी सतरंजी अंथरली होती आणि आता ते चहा गाळत होते. मी विचारलं, “मामा, तुम्हाला बोलावंसं वाटत नाही?”

“वाटतं की. लय वाटतं.”

अंगणात सगळ्या एकदमच बोलत होत्या, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. गाळणं झटकताना मामांचा कान तिकडंच होता.

“गिरणीत आमी बी पयल्यांदा असंच बोलत हुतो,” ते म्हणाले, आणि आणखी दोघी फाटकातून येताना दिसल्या म्हणून आधणात पाणी वाढवायला वळले.