सुमनचं जहाज

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल तर साडीचे धागे कापले. साडी मागावरून उतरते तेव्हा नक्षीचे सुटे धागे मागच्या बाजूला लोंबत असतात. सुरतेत आमच्या लिंबायत भागातल्या बाया ते घरी बसून कापतात. त्या रविवारी बायको कापत होती. मीही हौसेनं कातर घेतली आणि पाचव्या मिनिटाला साडीलाच भोक पाडलं.

"डोया फुटनात का तुमना?" ती म्हणाली. "म्हने मुकादम!"

भोकाची साडी ठेकेदार घेत नाही. ती आमच्याच गळ्यात पडली. स्वयंपाकाला उठताना तिनं, जिथवर कापून झालं होतं तिथं सेफ्टी पिन लावली. ती नेहमी लावायची. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ आली आणि ती गेली.

तेरावं करून कामावर गेलो. मुकादम म्हणजे बिघडलेले माग चालू करणारा. मी मागापुढं उभा राहायचो आणि तुटलेला धागा दिसायचा नाही. दोन साड्या वाया गेल्यावर शेठ म्हणाले, "पाटील, मशीन से दूर रहो. ऑफिस में बैठो, डिझाइन देखो."

ऑफिसात नवा कॉम्प्युटर होता. हेतलबेन त्यावर नक्षी काढायच्या. ती मागावर विणता येईल का, एवढंच मी सांगायचं. बाकी दिवसभर मी भिंत बघायचो. हेतलबेनना ते बघवेना. आठ दिवसांच्या रजेवर जायच्या आधी त्यांनी मला एक गेम लावून दिला. फुकटातली फ्लॉपी होती. अंधारात तारे आणि आपलं एक जहाज. एका ग्रहावर माल घ्यायचा, दुसऱ्यावर विकायचा, लुटारूंपासून पळायचं. कुठं जायचं ते आपली मर्जी.

"काका, शिप का नाम बोलो."

बायकोला नावानं हाक मारायची आमच्यात रीत नाही. उभा जन्म 'अगं'वर काढला.

"सुमन," म्हणालो. कान तापले.

त्यांनी ते टाइप केलं. "और सेव करना मत भूलना." म्हणजे खेळ कुठवर आला ते कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं, हे बटण दाबून.

मी मान हलवली आणि मनात हसलो. लाइट गेली म्हणून विणलेलं कापड उसवत नाही. माग जिथं थांबला तिथूनच पुढं चालतो. आम्हाला कोण शिकवतंय!

कॉम्प्युटर मी बंदच केला नाही. माग कुठं बंद करतो आपण? संध्याकाळी वर फडकं टाकून घरी जायचो. मी सुरतेचा माणूस, जहाजात फक्त कापडच भरायचो. एकदा खाणीच्या ग्रहावर नेलं. तिथं नुसती यंत्रं, नेसायला कोणी नाही. माल तसाच परत आणला.

शेठ रोज विचारायचे, "सुमनबेन कहाँ पहुँची?"

लग्नानंतर तिचा प्रवास अमळनेर ते सुरत, सुरत ते अमळनेर. म्हणून मी ठरवलं होतं, नकाशाच्या टोकाला जो शेवटचा तारा आहे तिथवर न्यायचं. आठव्या दिवशी दोनच मुक्काम राहिले. शेठला मुद्दाम बोलावलं, बघायला.

लाइट गेली.

"आएगी," मी म्हणालो. बिडी ओढून आलो. लाइट आली, शेठनी फ्लॉपी लावली. पडद्यावर नावाचा चौकोन. रिकामा.

"सेव किया था?" शेठनी विचारलं.

तेराव्याला मी रडलो नव्हतो. साठीचा गडी, त्या डब्यापुढं रडलो, शेठच्या देखत. शेठनी चहा मागवला. नंतर कधीच त्यावर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

हेतलबेन रजेवरून आल्यावर म्हणाल्याच, "बोला था ना, काका." बोलल्या होत्या. घरातलीही आयुष्यभर न बोलता, पिन लावून तेच करत होती. मुकादमाच्या डोक्यात शिरायला जहाज बुडावं लागलं.

लाइट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती भोकाची साडी काढली. दारात उजेडाला बसलो. पिनेपासून पुढं वीतभर धागे कापले, या वेळी भोक न पाडता. पिन काढून तिथं लावली आणि कामावर गेलो.