फिनलंड पाहून आलेले सर

परभणीत माझी खानावळ आहे. शिक्षक व्हायला शिकणारी पोरं-पोरी माझ्याकडंच जेवतात, आणि त्यांचे एक सरसुद्धा. नाव सांगत न्हाई, घेतलं तरी तोंड कडू होईल. शर्टाच्या बाह्या घडीवर घडी घालून दुमडल्याशिवाय ते भाकरीला हात लावत न्हाईत, आणि घास गिळला की फिनलंड सुरू. "मावशी, तिकडं लेकराला विचारल्याशिवाय मास्तर फळासुद्धा पुसत न्हाई!" ऐकायला लय गोड वाटायचं, खरं सांगते.

यंदा त्यांच्या कॉलेजातून एकाला महिनाभर तिकडच्या शाळेत शिकवायला पाठवणार होते. राणीसावरगावची पोरगी चाचणीत पहिली आली. लेकरू लहान, पण सासू म्हणाली, "जा बिनघोर, मी हाय." पासपोर्टही आला. आणि सरांनी तिच्या जागी दुसऱ्यालाच निवडलं.

वाढता वाढता मी म्हणलं, "सर, तिला विचारलं होतं का?"

"त्यात काय विचारायचं? लेकुरवाळी बाई. तिला जमणार न्हाई, हे मीच समजून घेतलं. भाजी वाढा."

पोरगी समोरच बसली होती. तिचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना वाढलं, सरांपुढं ताटच मांडलं न्हाई.

"अवो मावशी, मी राहिलो की!"

"तुमाला भूक नसंल," मी म्हणलं. "मीच समजून घेतलं."