काळी कधी जळती व्हय?

पंचवटीत लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवणारा सोमनाथ त्या सकाळी कॉम्प्युटरपुढे डोक्याला हात लावून बसला होता. मुलीकडचे उद्या सीडी न्यायला येणार आणि हार्ड डिस्क म्हणते, जागा नाही! पुसण्यासारखं एकच उरलं होतं: देवळ्याच्या मळ्यात काढलेलं वडिलांचं शूटिंग. नाना, म्हणजे सावळीराम, जाऊन वर्ष झालं होतं. मूळ कॅसेटवर कधीच कुणाची तरी हळद चढली होती, आणि एवढी मोठी फाइल सीडीत मावेना.

पुण्याच्या भाच्याने, ललितने, हौसेने ह्याच कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स हे दुसरं सॉफ्टवेअर बसवलं होतं. कुणी वापरेना, म्हणून दिवाळीत त्यानेच ते काढलं. पण त्याची जागा गेली कुठे? भाडेकरू गेला आणि खोलीची किल्ली मागायची राहिली, त्यातली गत!

सोमनाथने फोन लावला. ललितने डिस्कचे भाग पट्ट्यांनी दाखवणारं डिस्क मॅनेजमेंट उघडायला लावलं. "मामा, निळ्या पट्ट्यांशेजारी काळी पट्टी दिसतेय? मग तिच्यावर..." आणि फोन कट! पुन्हा लागेल तर शपथ.

काळी! सोमनाथने माउसवरचा हातच काढून घेतला. म्हणजे तेवढी डिस्क जळाली. तिला हात लावला तर उरलेलंही जायचं. त्याने आईला हाक मारली. "आई, नानांना शेवटचं बघून घे. पुसावं लागणार."

कुसाबाई पदराला हात पुसत आली आणि पट्टीकडेच बघत राहिली. "हे काय रं?"

"काळी पडलीय. जळाली."

"गप रे! काळी कधी जळती व्हय? काळी म्हंजे रान. पेरलं नाय म्हणून रिकामं दिसतंय. तुझ्या बापानं जन्मभर काळीच कसली, अन् तू तिला भितो? लाव हात!"

सोमनाथने देवाचं नाव घेतलं आणि काळ्या पट्टीवर राइट क्लिक केलं. नवं पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, करायचं का, असं कॉम्प्युटरनेच विचारलं. नाव मागितलं तेव्हा त्याने हसत "काळी" लिहिलं. थोड्या वेळाने पट्टी निळी झाली. आत जागाच जागा! त्याने आईला मिठीच मारली.

लग्न तिकडे टाकायला घेतलं, तर कुसाबाईने हात धरला. "आधी ह्यांना ने."

सावळीराम नव्या जागेत सुरू झाले. कांद्याच्या वाफ्यात उभे राहून कॅमेऱ्यावरच खेकसले, "मला काय काढतो रे? कांदे काढ, कांदे!"

"आता इथून नाही काढत तुम्हाला, नाना," सोमनाथ पडद्याला म्हणाला, आणि कुसाबाई हसता हसता रडायला लागली.