शालूचे पंख

बुलढाण्यात आमच्या शेजारी कोर्टातले एक कारकून राहत; आम्ही त्यांना काका म्हणायचो. बोलताना ते माणसाकडे बघत नसत. आराखड्यावरून ते रेडिओ-रिमोटवर उडणारं माणसाएवढं विमान बांधत होते. आराखड्यातलं इंग्रजी मी वाचून द्यायचे. “पंखांवर रेशीम,” मी सांगितलं. आठवड्यात पंखांवर जांभळं रेशीम चढलं. काकू ओसरीवर आल्या की काका त्यांवर चादर टाकत.

विमान उडवायला मैदानात नेलं तेव्हा मात्र चादर काढावीच लागली. नारळ घेऊन आलेल्या काकूंनी पंखाच्या कडेला राहिलेली जरीची किनार चाचपली.

“माह्या लग्नातला शालू हाये ना हा?”

“हाव,” काका जमिनीला म्हणाले.

“मंग उडवा ना! काऊन लाजून राह्यले? फक्त पाडू नका.”

काकांनी इंजिन सुरू केलं, पंखांवरच्या शालूकडे पाहिलं आणि बंद केलं. विमान उचलून ते भर बाजारातून घरी निघाले. चादर त्यांनी पुन्हा टाकली नाही.