मोहनकाकांची दीपगृहं

मोहनकाका चित्राला बसले की घरातला पंखा बंद. मे महिना असो, पाहुणे असोत, शालूकाकू गॅससमोर घामाने निथळत असोत. वाऱ्याने ओला रंग झटकन वाळतो म्हणे. "कागद श्वास घेतोय," असं डोळे मिटून सांगायचे. बायको श्वास घेतेय की नाही, हे त्या माणसाने कधी वळून पाहिलं नाही.

गिरगावात एकाच मजल्यावर राहतो, म्हणून मी त्यांना इतकी वर्षं सहन केलं. जलरंगात दीपगृहं काढायचे. दीपगृह, खडक, लाट, वर ढग. ते झालं की पुन्हा दीपगृह. प्रदर्शनात लोकांना ऐकवायचे, "समुद्रासमोर बसल्याशिवाय समुद्र कळत नाही." आणि चौपाटी हाकेच्या अंतरावर असून हे घरात! एकदा मी विचारलंच, "काका, मग जात का नाही?" तर म्हणाले, "वाळू उडते गं रंगात." सगळी चित्रं मोबाईलमधल्या फोटोंवरून. पण हातात कला होती, हे मेलं कबूल करावंच लागतं.

काकूंचे वडील कोकणात खरोखरच दीपगृहावर नोकरीला होते. पायथ्याशी सरकारी क्वार्टर, तिथेच काकू वाढल्या. ते घर पुढे पाडलं, फोटो एकही नाही. मध्यंतरी काकूंना विसर पडायला लागला आणि हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा घाबरून त्यांनी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याकडे चित्र मागितलं. "अहो, मी विसरायच्या आत आमचं घर काढून ठेवा." त्या सांगत गेल्या, हे काढत गेले: कौलं, पायरी, दोरीवर आईचं हिरवं लुगडं. काकू रडल्या. मीही रडले.

दोन दिवसांनी बघते तर घर गायब! ओल्या ब्रशने रंग उचलून काकांनी तिथे खडक केला होता. "नजर घरावरच अडकते गं. दीपगृहाकडे जातच नाही. कॉम्पोझिशन मार खातं."

"पण काका, चित्र काकूंसाठी होतं ना?"

"चित्र चित्रासाठी असतं," म्हणाले. केवढा तो माज! काकू नुसत्या खडकावरून बोट फिरवत राहिल्या. "इथे आमची चूल होती हो," एवढंच म्हणाल्या. पुन्हा काढा म्हणून मी भांडले, हातापाया पडले. काका ढिम्म. चित्र प्रदर्शनात गेलं, वाहवा मिळवून आलं आणि काकूंच्या पलंगासमोर टांगलं गेलं.

यंदा दिवाळीत फराळ द्यायला गेले. काकू चित्राकडे बघत बसल्या होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी खडकावर बोट ठेवलं. "काकू, इथे तुमचं घर होतं ना?"

त्यांनी बराच वेळ निरखलं. "नाही गं, घर कुठलं? खडकच होता तिथे."

काकांनी मी आणलेल्या डब्यातली चकली कडकन मोडली. "बघ," खूश होऊन मला म्हणाले, "शेवटी पटलं हिला."